ऑपरेशन झालं, दुखणं राहिलं

कोल्हापुरात पैलवान ओळखायचा तो कानांवरून. मातीत घासून, डोक्याला डोकं भिडवून फुटलेले, आकसलेले कान गंगावेशीत किंवा शाहूपुरीत दिसले की वेगळं काही विचारावं लागत नाही. तसेच कान जॉन बोनिका नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरचे होते. इटलीतल्या एका लहानशा बेटावर १९१७ साली जन्मलेला हा माणूस पुढे अमेरिकेत गेला. डॉक्टरकीच्या शिक्षणाचा खर्च त्यानं कुस्त्या मारून भागवला आणि तोंडावर बुरखा चढवून ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावानंही तो लढला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना त्यानं असे सैनिक पाहिले, की ज्यांच्या जखमा भरल्या होत्या पण दुखणं थांबत नव्हतं. त्यातून १९५३ साली वेदनेवरच्या उपचारांचा त्याचा भलाथोरला ग्रंथ आला. वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकाच छताखाली बसून दुखणं तपासतील, अशा ‘पेन क्लिनिक’ची कल्पना रुजवली तीही त्यानंच. त्याचं स्वतःचं शरीर कुस्तीनं मोडलेलं होतं. मणक्याच्या शस्त्रक्रिया एकाहून जास्त झाल्या, खुबे बदलले, पुढे कुबड्या आल्या. १९९४ साली तो गेला, तोवर काम सुटलं नव्हतं.

बोनिकाची आठवण काढायचं कारण असं, की या लेखाचा प्रश्न त्याच्या ग्रंथात जितका आहे तितकाच त्याच्या देहात होता. मणक्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, फोटोत सगळं ‘व्यवस्थित’ आहे, आणि तरी महिनोन् महिने कंबर किंवा पाय दुखतोच आहे. अशा माणसानं हलावं किती, थांबावं कधी, आणि ‘बरं झालं’ म्हणायचं तरी कशाला? यावर गेल्या चाळीसेक वर्षांत बरंच लिहिलं गेलं, बरंच उलटसुलट झालं. ते आज कुठवर आलं आहे आणि कोल्हापूरसारख्या गावात त्याला काय अर्थ उरतो, हे इथं पाहायचं आहे.

‘फेल’ शब्दाचं ओझं

मणक्यातली चकती सरकून नस दाबली जाते आणि ती काढली की पायाची कळ थांबते, ही आज रिक्षावाल्यालाही ठाऊक असलेली गोष्ट वैद्यकशास्त्रात ठामपणे मांडली गेली ती १९३४ साली. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी तो लेख लिहिला. त्यानंतरच्या काळाला काही जण ‘चकतीचं युग’ म्हणतात. कंबर दुखली की दोष चकतीचा, आणि दोष चकतीचा तर इलाज सुरीचा. ऑपरेशनं वाढली तशी ऑपरेशननंतरही दुखत राहणारी माणसं वाढली. त्यांच्यासाठी इंग्रजीत नाव पडलं ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’. आपल्याकडे त्याचं सरळ ‘ऑपरेशन फेल गेलं’ झालं.

हा शब्द दोन्हीकडून बोचतो. डॉक्टरला वाटतं, माझ्यावर ठपका आला. रुग्णाला वाटतं, माझा मणका कायमचा कामातून गेला. प्रत्यक्षात चांगलं झालेलं, योग्य माणसावर केलेलं ऑपरेशनही दुखणं मागे ठेवू शकतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र जागा मिळाली. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’ हे नाव सुचवलं. ऑपरेशन न झालेल्यांचा टाइप १, झालेल्यांचा टाइप २. नाव बोजड आहे, पण त्यात कुणी नापास झालेलं नाही.

असे लोक किती? कमरेच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या दहापासून चाळीसपर्यंत, असा आकडा नेहमी दिला जातो. आकड्याची ही ऐसपैस रुंदी बरंच सांगून जाते. चकतीचा तुकडा काढलेला तिशीतला तरुण आणि दोन पातळ्यांवर स्क्रू-रॉड टाकलेल्या साठीच्या बाई एकाच रांगेत मोजल्या, तर असंच होणार. शिवाय ‘दुखतं’ म्हणजे काय, अधूनमधून चमक येते की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, हेही प्रत्येक अभ्यासात वेगळं धरलेलं असतं.

बाजेवरून उठवण्याचा इतिहास

कंबर धरली की बाजेवर आडवं व्हायचं, फळीवर झोपायचं, जमल्यास पायाला वजन लावून घ्यायचं, हा सल्ला आपल्या आजी-आजोबांनी ऐकला आणि पाळला. तो डळमळू लागला १९८६ मध्ये. अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या रुग्णांना दोन दिवस विश्रांती विरुद्ध सात दिवस विश्रांती असं वाटून पाहिलं. सात दिवसवाल्यांना जास्त काही मिळालं नाही, कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला. काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिला, काहींना सांगितलं की सोसेल तसं रोजचं चालू ठेवा. तिसरा गट सगळ्यांत लवकर सावरला. स्कॉटलंडचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी तर या सगळ्याला ‘कंबरदुखीतली क्रांती’ म्हणत १९९८ मध्ये अख्खं पुस्तकच लिहिलं.

इथं एक सावधगिरी हवी. हे अभ्यास ऑपरेशन न झालेल्या, ताज्या दुखण्याचे होते. त्यांचा निष्कर्ष उचलून ऑपरेशन झालेल्याच्या माथी मारणं बरोबर नाही. ऑपरेशननंतर सुरुवातीला जखम भरायची असते, आणि हाड जोडलं असेल तर ते धरायला काही महिने लागतात. म्हणूनच १९९६ मधला यूजीन कॅरागी यांचा छोटासा अभ्यास त्या वेळी धाडसाचा वाटला. चकतीचं मर्यादित ऑपरेशन झालेल्या सलग ५० रुग्णांवर त्यांनी वाकू नका, बसू नका, उचलू नका यांपैकी एकही बंधन घातलं नाही. लोक लवकर कामावर गेले आणि त्यामुळे चकत्या धडाधड पुन्हा सरकल्या असं काही झालं नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, ही त्यातली उणीव. तरी ‘सहा महिने वाकायचं नाही’ हा सरसकट हुकूम नेमका कशाच्या आधारावर दिला जातो, असा प्रश्न तेव्हापासून उघडपणे विचारला जाऊ लागला.

दुखतं कशामुळे? तीन बाजू

पहिली बाजू शल्यविशारदांची. तिचं म्हणणं: आधी कारण शोधा. चकतीचा तुकडा पुन्हा सरकला असेल, नस अजून कुठं अडकली असेल, स्क्रू ढिला झाला असेल, वरच्या किंवा खालच्या मणक्यावर ताण आला असेल, जंतुसंसर्ग असेल, किंवा मुळात दुखणं खुब्याचं आणि ऑपरेशन कमरेचं असं झालं असेल. हे तपासल्याशिवाय ‘चालत राहा’ म्हणणं म्हणजे हयगय. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागेला बधिरपणा येणं, पाऊल नव्यानं लुळं पडणं, ताप येऊन जखम वाहणं, यांपैकी काहीही झालं तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, यावर तिन्ही बाजूंचं एकमत आहे.

पण एमआरआयच्या फोटोत सापडतं ते सगळं दोषी नसतं. २०१५ साली एका पाहणीत, पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांचे अहवाल एकत्र केले गेले. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे ‘गॅप आलाय’ हे केस पिकण्यासारखंही असू शकतं. आणि कारण सापडलं म्हणून दुसरं ऑपरेशन करावं, तर प्रत्येक पुढच्या ऑपरेशनगणिक यशाची शक्यता घटत जाते, हे शल्यविशारदही मान्य करतात.

दुसरी बाजू मज्जासंस्थेची. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं की वेदना ही तारेतून सरळ मेंदूत जाणारी घंटा नाही; वाटेत, पाठीच्या कण्यातच एक फाटक आहे, ते कमीजास्त उघडतं. पुढच्या संशोधनानं त्यात भर घातली. फार दिवस दाबलेली नस सुटल्यावरही बिथरलेली राहू शकते, आणि महिनोन् महिने कळा सोसलेली मज्जासंस्था साध्या स्पर्शालाही कळ म्हणून नोंदवू शकते. म्हणजे धोका टळला तरी भोंगा चालूच.

तिसरी बाजू वागण्याची. २००० मध्ये व्लायन आणि लिंटन यांनी भीतीचं चक्र सविस्तर मांडलं. दुखेल म्हणून हलायचं नाही, हललं नाही म्हणून स्नायू सुटतात, सुटले म्हणून थोड्याशा हालचालीनंही दुखतं, आणि भीती खरी ठरते. इथंच रुग्ण दुखावतात. ‘म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे म्हणता?’ हा प्रश्न प्रत्येक फिजिओथेरपिस्टनं ऐकलेला असतो. ही मांडणी तसं म्हणत नाही, पण पाच मिनिटांच्या घाईच्या भेटीत ती तशीच ऐकू येते. माझ्या मते या बाजूची सगळ्यांत कच्ची जागा सिद्धांतात नसून सांगण्यात आहे. मराठीत तर हे समजावायला धड शब्दही रुळलेले नाहीत.

किती हलायचं: घड्याळ की कळ

हालचाल हवी, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. चकतीच्या ऑपरेशननंतरच्या पुनर्वसनाचा, वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१४ चा आढावा २२ चाचण्या आणि सुमारे अडीच हजार रुग्णांवर उभा आहे. ऑपरेशननंतर चार-सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामानं दुखणं आणि परावलंबन कमी होतं, नेटाच्या व्यायामानं हलक्यापेक्षा लवकर, आणि त्यामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त येते असं दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. मात्र पुराव्याचा दर्जा ‘कमी’ ते ‘फारच कमी’ असल्याचं आढावाकारांनी स्वतःच नोंदवलं आहे. हाड जोडण्याच्या ऑपरेशनबद्दल तर हाताशी याहून कमी आहे.

खरा मतभेद पुढं सुरू होतो. कळ आली की थांबायचं, की ठरलेलं पुरं करूनच थांबायचं?

सिएटलमध्ये बोनिकाच्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ च्या पुस्तकात दुसरी बाजू घेतली. त्यांचं निरीक्षण असं: माणूस दुखेपर्यंत काम करतो, मग आडवा होतो, आणि आराम हे दुखण्याचं बक्षीस ठरतं. त्यापेक्षा सहज जमेल त्याहून थोडं कमी, असं माप आधीच ठरवा. दुखो न दुखो, तेवढं करा, तिथंच थांबा, दर आठवड्याला थोडं वाढवा. याचा उलटा अर्थ लोक विसरतात: चांगल्या दिवशीही मापापुढे जायचं नाही. विरुद्ध बाजू म्हणते, बिथरलेल्या नसेला माप कळत नाही. काही रुग्णांची कळ दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन परतते, तेव्हा शरीराचं ऐकायलाच हवं. आज बहुतेक फिजिओथेरपिस्ट मधला रस्ता धरतात. करताना थोडं वाढलेलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलेलं दुखणं चालेल. त्यापुढे गेलं तर माप उतरवायचं. शहाणपणाचं वाटतं, पण ही रेषा चाचण्यांतून कमी आणि अनुभवातून जास्त आलेली आहे.

रंकाळा तलावावर सकाळी सहा-साडेसहाला गेलं तर हा वाद चालताना दिसतो. एक गृहस्थ रोज पाहतो मी. पट्टा शर्टावरून बांधलेला, हातात पाण्याची छोटी बाटली. ते बाकड्यावर बसतात, उठतात, पुढच्या बाकड्यापर्यंत जातात, पुन्हा बसतात. सुरुवातीला मला वाटलं, दमतात. मग कळलं की मध्ये दोन बाकडी सोडायची की तीन, हे घरून ठरवून येतात. एकदा पाऊस उघडला होता, ते खुशीत होते, बरोबरच्या मित्रानं संध्यामठापर्यंत चला म्हणून आग्रह धरला. गेले. पुढचे चार दिवस दिसले नाहीत.

या ‘एक दिवस जोरात, चार दिवस अंथरुणात’ प्रकाराला कोल्हापूरची रग खतपाणी घालते, असं मला वाटतं. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं, जिथं पोराला तालमीत जोर-बैठका मोजून घातल्या जातात, तिथं ‘थोडंच कर’ हा सल्ला पचत नाही. एक तर पूर्ण झोपायचं, नाहीतर पूर्ण उठायचं. गंमत म्हणजे तालमीतला वस्ताद नेमकं फोर्डाइससारखंच करतो. नव्या पोराला पहिल्या दिवशी पन्नास जोर मारता येत असले तरी वीसवर थांबवतो.

व्यायाम कोणता, यावरही मतं वेगळी आहेत. पोटा-कमरेच्या खोल स्नायूंचे खास व्यायाम बरीच वर्षं गाजले. पण दीर्घकाळच्या कंबरदुखीत ते इतर व्यायामांपेक्षा फार सरस ठरलेले नाहीत. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, पट्टे, विटा, खुर्च्या वापरून कडक शरीरालाही आसनात बसवायची पद्धत घडवली. त्यांच्या १९७५ मध्ये सुरू झालेल्या संस्थेतून ती जगभर गेली. कंबरदुखीवर तिच्या चाचण्याही झाल्या आणि माफक फायदा दिसला. ऑपरेशन झालेल्यांना मात्र बहुतेक चाचण्यांतून आधीच वगळलेलं असतं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत नुसत्या टप्प्याटप्प्यानं वाढवलेल्या चालण्यानं कंबरदुखी परतायचा मधला काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला. तीही ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी योजलेली नव्हती. तरी बिनखर्चाचा आणि रंकाळ्यावर जमणारा उपाय म्हणून चालणं सगळ्यांच्या यादीत वर आहे.

गोळी, सुई, यंत्र

इथं थोडक्यात. नसेच्या दुखण्यावर सर्रास दिली जाणारी प्रेगाबालिन ही गोळी २०१७ च्या एका चांगल्या चाचणीत सायटिकावर साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. चक्कर मात्र जास्त आली. ट्रामाडॉल २०१८ पासून आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि एकूणच अफूवर्गीय औषधांचा दीर्घकाळच्या कंबरदुखीत फायदा तोकडा, धोका मोठा, याकडे कल झुकला आहे.

कण्याजवळ तारा बसवून विजेच्या सूक्ष्म लहरी सोडणाऱ्या यंत्राचा वाद जास्त रंगतदार आहे. २००७ मध्ये ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेल्या १०० रुग्णांच्या चाचणीत यंत्रवाल्यांपैकी ४८ टक्के जणांचं पायाचं दुखणं सहा महिन्यांत निम्म्यावर आलं. फक्त औषधोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. ब्रिटनच्या शासकीय संस्थेनं २००८ मध्ये त्याला मान्यता दिली. मग २०२२ मध्ये नॉर्वेत ५० जणांवर, यंत्र कधी चालू आहे आणि कधी बंद हे रुग्णाला कळू न देता चाचणी झाली, आणि फरक पडला नाही. समर्थक म्हणतात, लहरींचा प्रकार वेगळा होता. टीकाकार म्हणतात, यंत्र बसवल्याचा विश्वासच काम करत होता. काही लाखांच्या घरातलं हे यंत्र आपल्याकडे मोजक्यांनाच परवडतं, तेव्हा घर गहाण ठेवण्याआधी हा वाद ठाऊक असलेला बरा.

पट्ट्याबद्दलही एक ओळ. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीवर मार्गदर्शन दिलं. व्यायाम, समजावणं, मानसिक आधार यांच्या बाजूनं ते आहे. पट्टे, वजन लावणं आणि अफूवर्गीय औषधं यांच्या विरोधात. ठरावीक कारण सापडत नाही अशा दुखण्यासाठी ते आहे, ऑपरेशननंतरच्यासाठी नव्हे. तरी रंकाळ्यावरच्या गृहस्थांसारखे वर्षानुवर्षं पट्टा बांधणारे पाहिले की ते मार्गदर्शन आठवतं.

कोल्हापूरची जमीन

वरचं बहुतेक संशोधन खुर्चीवर बसणाऱ्या, कमोड वापरणाऱ्या देशांतलं. आपलं जगणं जमिनीवरचं. पंगतीत मांडी घालायची, देवासमोर वाकायचं, चुलीपुढं पाटावर बसायचं, धुणं उकिडवं बसून धुवायचं. ‘वाकू नका’ हा सल्ला इथं ‘घरात राहू नका’ इतकाच अवघड.

कामाचंही तसंच. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्याच्या पेट्या उचलणारा, शिवाजी उद्यमनगरात लेथवर आठ तास उभा राहणारा, उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई, गुऱ्हाळात काहिलीवर वाकणारा गुळव्या. ‘हलकं काम द्या’ अशी चिठ्ठी डॉक्टर देतो. पण ऊसतोडणीत हलकं काम कुठलं? जोडीनं कोयता चालतो, एकानं बसायचं ठरवलं की दोघांची उचल अंगावर येते. फाउंड्रीत कंत्राटी कामगाराला चिठ्ठी दाखवायचीही चोरी.

खर्चाची बाजू अशी: २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि आता महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना या नावानं चालणारी राज्याची योजना गरिबाला मोठा आधार आहे. पण तिचा गाभा रुग्णालयात दाखल होऊन होणारे उपचार हा आहे. ऑपरेशन एका दिवसाचं, त्यानंतरचं हलणं-चालणं शिकणं महिन्यांचं. त्या महिन्यांचं भाडं, बुडालेला रोज आणि फिजिओथेरपीची फी घरातूनच जाते. म्हणून बरेच जण चार दिवस ‘शेक आणि करंट’ घेऊन थांबतात. तो भाग निष्क्रियपणे झोपून घ्यायचा असतो; हालचाल शिकवण्याचा भाग पाचव्या दिवसानंतर यायचा, तेव्हा रुग्ण गावी गेलेला असतो.

याच गावानं दुसरी एक वाट दाखवलेली आहे. ऐन तारुण्यात कमरेखालची शक्ती गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात कण्याला गोळी लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आले. पक्षाघात आणि ऑपरेशननंतरचं दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ नको. पदकाच्या गोष्टी ऐकून ‘मीच कमी पडतो’ असं वाटून घेणारे रुग्णही असतात. पण हुरजूक यांच्या कामातला एक धडा इथं थेट लागू पडतो: शरीर बदलत नसेल तर उंबरा बदला. ओट्याची उंची, संडासातली धरायची दांडी, कपडे धुवायला कमरेएवढा कट्टा, लेथपुढं पाय टेकायला ठोकळा. वेदनेवरच्या मार्गदर्शिकांत हे क्वचित सापडतं, कारण त्या लिहिणाऱ्यांच्या घरी ओटा आधीच उंच असतो.

अजून न सुटलेलं

पहिलं कोडं, कोणाला कशाचा फायदा होईल हे आधी सांगता येत नाही. २००७ मध्ये हॉलंडमध्ये सायटिकाच्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन झालं, निम्म्यांना थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे. ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लवकर थांबलं, एवढाच फरक. उरलेल्या पाच टक्क्यांचं पुढं काय, त्यांना आधी ओळखता आलं असतं का, याचं उत्तर अजून हाती नाही. स्क्रू-रॉडच्या ऑपरेशनबद्दल तर २००५ च्या ब्रिटिश चाचणीत ३४९ रुग्णांत ऑपरेशन आणि नेटाचं पुनर्वसन यांतला फरक इतका कमी निघाला, की दोन्ही बाजू आजही ती आपल्याच बाजूची म्हणून वाचतात.

दुसरं, बायकांचं दुखणं. घरकाम ‘हालचाल’ म्हणून धरायचं की ‘ताण’ म्हणून, यावर मला समाधानकारक असं काही वाचायला मिळालेलं नाही. दिवसभर उभी असलेली बाई ‘मी व्यायाम करत नाही’ म्हणते आणि फिजिओथेरपिस्ट तिच्या कागदावर ‘निष्क्रिय’ लिहितो.

आणि तिसरं, मोजायचं कशानं. नुसता शून्य ते दहांतला दुखण्याचा आकडा पुरत नाही. आता काय करता येतं ते विचारतात. त्यासाठी जगभर ओस्वेस्ट्री प्रश्नावली वापरली जाते. १९८० मध्ये ती इंग्लंडात तयार झाली, २०१३ मध्ये तिचं मराठी रूपही तपासून झालं. उचलणं, चालणं, बसणं, झोपणं, प्रवास असे दहा विभाग. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचं चार वर्षांपूर्वी कमरेचं ऑपरेशन झालंय. त्यांना मी त्यातले प्रश्न विचारून पाहिले. मावशींची स्वतःची मोजणी वेगळीच आहे. उभ्या ओट्यावर आठ भाकरी, मग दहा मिनिटं आडवं, मग उरलेल्या. पाहुणे आले तरी आठच, पाठ गप्प असली तरी आठच. गेल्या दिवाळीपर्यंत सहा होत्या. उचलण्याच्या प्रश्नावर त्यांनी विचारलं, भरलेली बादली की कळशी? चालण्याच्या प्रश्नावर म्हणाल्या, अंबाबाईपर्यंत जाते, रांगेत उभी राहवत नाही. मग बसण्याचा प्रश्न आला: खुर्चीवर किती वेळ बसता येतं?

मावशी हसल्या. घरात खुर्ची एकच आहे, आणि तिच्यावर काका बसतात.